न उघडण्याचं काम

भोसरीच्या शेडमध्ये काचेची सहा भांडी,
सदतीस अंश, मिनिटाला पन्नास फेरे,
आणि प्रत्येकाच्या तळाशी एक गोळी
जिला मी गप्प बसायला शिकवते आहे.

पहिले दोन तास आम्ल. मग ते काढून
दुसरं पाणी, आतड्याच्या चवीचं.
(खरं पोट इतकं शिस्तीचं नसतं, माहीत आहे मला.
रविवारचं मटण जेवलेलं तर नाहीच नाही.)

आत गाभा, औषधाचा, अगदी उतावळा.
त्यात पिवळा रंग घातलाय, फुटला की दिसावं म्हणून.
त्याच्याभोवती दाबून बसवलेलं जाड कवच:
पाणी लागलं की सब्जासारखं फुगतं,
बुळबुळीत होतं,
आणि वरवरून झिजत जातं, मोरीतल्या साबणासारखं.
घड्याळ कुठेच नाही.
जाडी हेच घड्याळ.
एक दशांश मिलिमीटर म्हणजे साधारण वीस मिनिटं,
असं वहीत लिहिलंय. पेन्सिलनं.

शकूर तांबोळी दर पंधरा मिनिटांनी नमुना उपसतो.
शून्य, म्हणतो. शून्य.
"मॅडम, गोळी पक्की सदाशिव पेठेतली.
शटर खाली, मालक आत झोपलेले."
मी हसते.
चार तास शून्य ऐकण्याइतकं गोड
माझ्या धंद्यात दुसरं काही नाही.

आणि पाच नंबर फुटते.
दोन तास चाळीस मिनिटांनी, कडेच्या शिवणीतून,
दुधात हळद पडावी तशी.
पुन्हा पाचच.
गाभा केसभर सरकलेला,
एका अंगाचं कवच पातळ.
जिथे पातळ, तिथे पहाट लवकर.

शालन, माझी मोठी बहीण,
स्वारगेटला पोह्यांची गाडी लावते.
साडेचारच्या एसटीआधी कांदा चिरून हवा
आणि चार वाजता तिची बोटं तिची नसतात.
गॅसचं बटण फिरत नाही,
सुरी मुठीत राहत नाही.
तिच्याआधी सांध्यांतली सूज उठते,
तिच्याआधी चूल पेटवते.

म्हणून ती दोनचा गजर लावते.
अंधारात एक ग्लुकोजचं बिस्कीट, एक गोळी,
आणि पुन्हा आडवी.
अकरा वर्षं.
रात्र मधोमध मोडलेली, भाजल्या पापडासारखी,
कधी अख्खी हातात आलीच नाही.

मी तिला सांगितलं, दहाला घ्यायची आणि झोपायचं,
दोनला ती आपोआप उघडेल.
"आणि नाही उघडली तर?"
मी भांडी सांगितली, फेरे सांगितले, कागदावर आलेख काढला:
ही आडवी रेघ, आणि हा एकदम उभा चढ.
तिने नीट पाहिला. म्हणाली,
"बरं. दोनचा गजर लावून बघीन, उघडली का ते."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.
आणि तिच्या हातात ही गोळी पडायला
किती वर्षं, किती सह्या, किती अनोळखी पोटं लागतील
ते मी तिला सांगितलेलं नाही.

आज चौदावी बॅच. पंच बदलला,
गाभा मधोमध बसतो की नाही
ते शकूरने दहा गोळ्या उभ्या कापून पाहिलं,
जसे आपण पेरू कापून बघतो.
एक, दोन, तीन, चार: सगळ्या चारच्या आसपास.
पाच नंबर, चार तास दहा मिनिटं.
शकूरने टाळी वाजवली, डबा उचलला,
त्याची निगडीची बस होती.

सहा नंबर अजून बंद आहे.
पाच तास. सव्वापाच.
बाहेर नाशिक रस्त्यावर ट्रकांची रांग,
आत पॅडल फिरतंय, पाणी स्वच्छ,
तळाशी ती फुगून बसलेली, पांढरी, शांत,
जितकं शिकवलं त्याहून जास्त शिकलेली.

मी नमुना उपसते.
शून्य, माझं मीच म्हणते,
आणि आज पहिल्यांदा
हा शब्द मला आवडत नाही.